डॉ. पांडुरंग खानखोजे : शिकू दिलं, पण राहू दिलं नाही



मागच्या महिन्यात पालकसभा आटोपली आणि एक पालक मागे थांबले. आपल्या महागाव तालुक्यातलेच शेतकरी, कापूस-सोयाबीन करणारे. त्यांची पुतणी कॅनडात शिकायला गेली. शिक्षण झालं, वर्क परमिट मिळालं, आता पीआर म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळते की नाही, याची सगळं घर वाट बघतंय. बँकेचं कर्ज डोक्यावर आहेच. त्यांनी मला विचारलं की सर, फी घेऊन शिकवतात, कामही करून घेतात, मग राहू काहून देत नाहीत? मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, खोटं कशाला सांगू. घरी येताना मात्र आपल्या शेजारच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात हाच प्रश्न आहे. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

खानखोजे हे नाव तुम्ही क्रांतिकारकांच्या यादीत वाचलं असेल. गदर पक्षाचे एक संस्थापक, एवढं लिहून पुस्तक पुढे जातं. मीही अनेक वर्षं तेवढंच शिकवत होतो. पण ते परदेशात शिकणारे विद्यार्थी होते, तिथे मजुरी करणारे कामगार होते आणि पुढे एका परक्या देशात प्राध्यापकही झाले. ही बाजू मुलांना सांगायची राहून जाते.

त्यांचा जन्म १८८४ सालचा, वर्ध्याचा. सुरुवातीचं शिक्षण वर्ध्यात आणि पुढचं नागपुरात झालं. त्यांच्या शाळकरी वयात आपल्या भागाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पाहिले. भूक कशी असते ते या मुलाने डोळ्यांनी बघितलं. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रभाव होताच. परदेशात जाऊन शेतीशास्त्र शिकायचं आणि सैनिकी शिक्षणही घ्यायचं, असं ठरवून विशीतला पांडुरंग घराबाहेर पडला आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. त्या काळी परदेशी जायला आजच्यासारखी पासपोर्टची सक्ती नव्हती. हिंदुस्थानातून बाहेर पडायला पासपोर्ट लागायला लागला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. बोटीचं भाडं जमवलं की माणूस निघू शकत होता. अडचण तिकडे उतरल्यावर सुरू व्हायची.

अमेरिकेत त्यांनी कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांत शिक्षण घेतलं. शेतीचं शिक्षण चालू असतानाच सॅन राफेल इथल्या माउंट तमलपाईस या खासगी सैनिकी शाळेत कवायत आणि शस्त्रांचे धडे घेतले. घरून पैसे येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे पडेल ते काम करायचं आणि फी भरायची. १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. म्हणजे बघा, शेतीतला शिकलेला माणूस, इंग्रजी येतंय, कष्टाची सवय आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर प्रोफाइल उत्तम! पण तिथे कायमचं राहायचं म्हटलं तर?

त्याचं उत्तर कायद्यात होतं. अमेरिकेचा १७९० सालचा नागरिकत्वाचा कायदा सांगत होता की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या स्वतंत्र माणसालाच नागरिक होता येईल. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातला माणूस मात्र बाहेरच राहिला. यातून दुसरी अडचण निघाली, आणि ती तुम्हा-आम्हा शेतकऱ्यांच्या घरातल्यांना चटकन कळेल. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. कायद्यात हिंदी, जपानी असं कुठेच लिहिलेलं नाही. पण आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी चढणारच नाही, अशी सोय करून ठेवली. शेतीची पदवी घ्या, दुसऱ्याच्या बागेत फळं तोडा, पण स्वतःचं एक एकर घेऊ नका.

मजुरांची गत तर आणखी वाईट होती. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर आणि शेतांत काम करणारे बहुतेक हिंदी लोक पंजाबचे होते. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने गिरणीतल्या हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. हे लोक कमी मजुरीत काम करून आमची रोजी खातात, ही तक्रार होती. (हंगामात बाहेरगावच्या टोळ्या आल्या की आपल्याकडेही असंच बोललं जातं. असो.) खानखोजे याच मजुरांत मिसळले. पोर्टलंडकडच्या गिरणी कामगारांना एकत्र करण्यात त्यांचा हात होता आणि त्यातूनच १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. त्यांच्याकडे काम आलं ते सशस्त्र तयारीचं.

कॅनडाची गोष्ट त्या पालकांसाठी मुद्दाम सांगतो. १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला की येणाऱ्याने आपल्या देशातून कुठेही न थांबता थेट प्रवास करून आलं पाहिजे. शिवाय आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर पाहिजेत. वाचायला किती साधा नियम! पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोटच चालत नव्हती. कोणत्याही देशाचं नाव न घेता दार बंद झालं. १९१४ मध्ये कोमागाता मारू ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरच्या बंदरात आली. दोन महिने ती पाण्यातच उभी ठेवली. पूर्वीपासून कॅनडात राहणारे असे मोजके लोक तेवढे उतरू दिले, बाकीच्यांना परत पाठवलं. बोट कलकत्त्याजवळ बजबजला पोचली तेव्हा ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सुमारे वीस माणसं मेली. तिकडे उतरू देत नव्हते आणि इकडे उतरल्यावर गोळ्या.

महायुद्ध सुरू झालं तसे खानखोजे अमेरिका सोडून तुर्कस्तानात आणि तिथून इराणात गेले. नाव बदलून, मुसलमानी वेश घेऊन ते इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. हा भाग एखाद्या सिनेमासारखा आहे आणि मुलं तोच परत परत सांगायला लावतात. मी इथे थोडक्यात आटोपतो. युद्ध संपलं तेव्हा स्थिती अशी होती की इंग्रज सरकारच्या बंदीमुळे मायदेशी जाता येत नव्हतं आणि अमेरिकेचं दारही लागलं होतं. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या मजुरांना बंदी केली. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी यांना मात्र त्यातून सूट होती. हे नीट लक्षात घ्या. विद्यार्थ्याने यावं, शिकावं आणि परत जावं. पालकांनी मला जे विचारलं, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

त्या काळातला आणखी एक माणूस मुलांना सांगण्यासारखा आहे, भगतसिंग थिंद. तो ऑरेगनच्या लाकूडगिरणीत राबला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात भरती झाला. तरीही १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी ज्या हिंदी लोकांना नागरिकत्व मिळालं होतं, त्यातल्या अनेकांचंही त्या निकालानंतर काढून घेण्यात आलं. हाती आलेला कागदसुद्धा परत घेतात! थिंद यांना पुढे १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या एका कायद्यातून नागरिकत्व मिळालं, ती गोष्ट वेगळी.

बर्लिन, मॉस्को अशी भटकंती करून खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. वय चाळीस. मेक्सिकोत नुकतीच दहा वर्षांची क्रांती होऊन गेली होती. हासिएंडा म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या शेतांची वाटणी सुरू होती आणि नव्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्याला शिकवणारी माणसं हवी होती. शेतीची राष्ट्रीय शाळा त्याच वर्षी चापिंगो इथल्या एका जुन्या हासिएंडात हलवली होती. तिथे खानखोज्यांना नोकरी मिळाली. त्या देशाला जे पाहिजे होतं तेच यांच्याजवळ होतं, म्हणून जागा झाली. मला विचाराल तर आजही हेच चालतं. कॅनडाची गुणांची पद्धत काय किंवा जर्मनीची कुशल कामगारांची परवानगी काय, आमच्याकडे कशाची कमतरता आहे हे आधी बघतात आणि मग माणूस मोजतात.

चापिंगोत त्यांनी मका आणि गव्हावर काम केलं. मक्याचा टिओसिंटे या रानटी भाऊबंदाशी संकर करून नवे वाण काढण्याचे प्रयोग केले. पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी उघडलेल्या मोफत शेतकी शाळांचं काम. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला त्याच्या गावातच शिकता यावं, म्हणून त्या शाळा. आपल्यापैकी ज्यांनी रात्रशाळा किंवा प्रौढशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत, त्यांना त्यातली मेहनत कळेल. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत काढलेल्या भित्तिचित्रांपैकी एकात भाकरीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा दिला आहे. वर्ध्याचा माणूस तिथे भिंतीवर आहे, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

या शाळांचे फोटो काढणारी तीना मोदोत्ती मूळची इटलीची. तीही मेक्सिकोत परकीच. १९३० मध्ये सरकारने तिला देशाबाहेर काढलं. मेक्सिकोच्या घटनेचं ३३ वं कलम नको असलेल्या परक्याला हाकलायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देत होतं. म्हणजे एकाच देशात, त्याच वर्षांत, एका परक्याला पगार आणि मान मिळाला आणि दुसरीला बोटीवर बसवलं. राजकारणाचा वारा फिरला की परक्याच्या पायाखालची जमीन आधी सरकते, हे खानखोज्यांनी जवळून बघितलं असणार. त्यांनी पुढे मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं. बेल्जियमच्या जान यांच्याशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली तिथेच झाल्या.

आणि मग १९४७ आलं. ज्यासाठी घर सोडलं ते झालं. आता परत यायला कोण अडवणार? पण खानखोजे होते मेक्सिकोचे नागरिक, त्यामुळे स्वतंत्र भारतात यायला त्यांना व्हिसा लागणार होता. त्यांनी अर्ज केला आणि तो आधी नाकारला गेला! इंग्रजांच्या काळी त्यांच्यावर घातलेली बंदी कागदोपत्री तशीच राहिली होती. सरकार बदललं, फाइल बदलली नाही. शेवटी ती बंदी उठली आणि १९४९ मध्ये ते शेतीविषयक सल्ल्यासाठी आपल्या भागात येऊ शकले. चाळीसहून अधिक वर्षांनी. वर्गात मी इथे नेहमी थोडा थांबतो, मुलं स्वतःच हिशेब करतात की गेले तेव्हा दादाएवढे होते आणि आले तेव्हा आजोबा.

पुढे १९५५ च्या सुमारास ते कायमचे राहायला नागपूरला आले. सोबतची बायको बेल्जियमची, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या. आपल्या घटनेचं नववं कलम सांगतं की ज्याने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तो भारताचा नागरिक नाही. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. देशासाठी देश सोडलेल्या माणसाला या देशाचं होण्यासाठी पुन्हा कागदांच्या मागे लागावं लागलं. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवता आलं तर जरूर मागवा. चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ मध्ये त्यांचा पुतळाही बसला.

आता त्या पालकांकडे परत येतो. मी त्यांना परवा फोन करून एवढंच सांगितलं की शिकायची परवानगी, काम करायची परवानगी, कायम राहायची परवानगी आणि नागरिकत्व या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळेलच असं कुठलाच देश लिहून देत नाही. अमेरिकेने १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्व खुलं केलं, तेही वर्षाला १०० जणांचा कोटा ठेवून. आजही तिथल्या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून आपल्या लोकांची रांग लांबच लांब आहे. एजंट हे सांगत नाहीत. पुतणीला म्हणावं, नियम त्या सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाच, परमिट संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेव, आणि इकडे यावं लागलं तर काय करायचं तेही आत्ताच बोलून घ्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं की खानखोजे परत आल्यावर त्यांनी इथे मका लावला का?

शिक्षकांसाठी एक उपक्रम. जगाचा नकाशा भिंतीवर लावा आणि सुतळीने वर्ध्यापासून खानखोज्यांचा मार्ग दाखवा : जपान, अमेरिका, तुर्कस्तान, इराण, बर्लिन, मॉस्को, मेक्सिको, नागपूर. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी चिकटवायला सांगा आणि त्यावर लिहायचं की इथे त्यांना यायची, शिकायची, कामाची आणि राहायची यांतली कोणती परवानगी होती. सातवी-आठवीच्या वर्गाला दोन तासिका पुरतात. आमच्याकडे मेक्सिकोच्या चिठ्ठीवरून मुलांत बरंच भांडण झालं, ते होऊ द्या.