दस्तक दाखवा!

पायरेट म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टी आठवतात. एक जॅक स्पॅरो आणि दुसरं म्हणजे फुकटात डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे कान्होजी आंग्रे मला आधी इंग्रजी पुस्तकातून भेटले, आणि तेही पायरेट म्हणूनच. क्लेमंट डाउनिंग नावाचा एक इंग्रज मिडशिपमन त्यांच्याविरुद्धच्या लढाईत हजर होता. त्यानं 1737 मध्ये लंडनला पुस्तक छापलं आणि त्याच्या शीर्षकातच आंग्र्यांना पायरेट करून टाकलं. पुढची दोनशे वर्षं हा शिक्का काही पुसला गेला नाही. मग 1959 मध्ये मनोहर माळगावकरांनी इंग्रजीतूनच कान्होजींचं चरित्र लिहिलं आणि शीर्षकात त्यांना ॲडमिरल म्हटलं. त्याचा मराठी अनुवाद पु. लं.नी केलाय, हे किती जणांना माहीत आहे? लायब्ररीत मिळाला तर जरूर वाचा.

मग चाचा की सरखेल? ते ठरवायचं तर आधी माणूस पाहू.

आंग्रे घराणं मूळचं संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर पोरगा वाढला, म्हणजे वारा, भरती-ओहोटी आणि खडक हाच त्याचा सिलॅबस. संभाजी महाराजांनंतर मोगल कोकणात उतरले, किल्ल्यामागून किल्ले पडू लागले, तेव्हा सुवर्णदुर्ग टिकला तो कान्होजींमुळे. 1698 मध्ये सिधोजी गुजरांच्या मागे ते मराठी आरमाराचे सरखेल झाले.

त्या वेळचा आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टी बेटावरची गावं, आणि साष्टीवर राज्य पोर्तुगीजांचं. इंग्रज कंपनीची मुंबई माहीमच्या खाडीपलीकडे. खाली जंजिऱ्याला सिद्दी. आणि या सगळ्यांच्या मधोमध कान्होजींचे खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग! मुंबईहून दक्षिणेकडे निघालेल्या प्रत्येक गलबताला त्यांच्या दारावरून जावं लागे.

आता दस्तक. दस्तक म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना. फी भरा, दस्तक घ्या, खुशाल व्यापार करा. नसेल तर जहाज जप्त. घाटकोपरच्या पुलावर टी.सी. उभा असतो ना, अगदी तसंच. यालाच इंग्रजांनी चाचेगिरी म्हटलं. पण पोर्तुगीज कार्ताझ नावाचा हाच परवाना सोळाव्या शतकापासून विकत होते आणि इंग्रजही पास देत होते. त्यांना कोणी पायरेट म्हटलं नाही! माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा किनारा, ज्याचे किल्ले, ज्याला छत्रपतींची सनद, त्यानं परवाना मागितला तर ती चोरी नाही, तो कारभार आहे.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं गुराब आणि गलबतांबद्दल. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. नाळ लांब आणि बुटकी, तिथून दोन तोफा सरळ पुढे मारा करत. तळ उथळ. गलबत त्याहून लहान, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की टोपीकरांचं मोठं जहाज जागच्या जागी उभं! त्याच्या तोफा सगळ्या दोन्ही कुशींना, मागे फारशा नाहीत. मग गलबतं गुराबेला दोर बांधून वल्हवत ओढत आणायची ती थेट शत्रूच्या पिछाडीला. तिथून डोलकाठ्या आणि सुकाणूवर मारा, आणि जहाज लुळं पडलं की माणसं तलवारी घेऊन वर चढायची. उलटा वारा सुटला, समोरचा भारी पडला, तर सरळ खाडीत पळ काढायचा. मोठ्या जहाजाचा तळ तिथे टेकणार, मागे कोण येतो? खोल समुद्रात मात्र ही युक्ती चालत नसे, म्हणून कान्होजींनी किनारा सोडला नाही.

एक प्रकरण मला सहज सोडवत नाही. नोव्हेंबर 1712 मध्ये त्यांच्या आरमारानं कारवारजवळ मुंबईच्या गव्हर्नरची अल्जेरीन नावाची सशस्त्र यॉट पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन तोफेच्या माऱ्यात मेला. त्याची बायको कॅथरिन कैद झाली. वय विशीच्या आतलं, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या मुलींएवढं, आणि ही दुसऱ्यांदा विधवा झाली होती. तीस हजार रुपये खंडणी पोचल्यावर फेब्रुवारी 1713 मध्ये तिला सोडलं. काही जण म्हणतील, त्या काळी सगळेच असं करत. करत होते. तरी ते महिने तिनं कसे काढले असतील हा विचार मनातून जात नाही. पुढे तिनं विल्यम गिफर्डशी लग्न केलं, तोही 1721 मध्ये केरळात अंजेंगोजवळ मारला गेला. तिच्यावर कोणी कादंबरी का लिहीत नाही?

1713 हे वर्ष कान्होजींच्या आयुष्यातलं वळण. छत्रपतींच्या घरात ताराराणी आणि शाहू असा वाद पेटला होता आणि कान्होजी ताराराणींच्या बाजूचे. शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना चालून पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं! तेव्हा बाळाजी विश्वनाथ पुढे आले. हे श्रीवर्धनचे, कोकणी माणूस कोकणी माणसाशी बोलला आणि लढाईऐवजी तह झाला. कान्होजी शाहूंकडे आले, सरखेली कायम राहिली. इंग्रजांशीही त्याच सुमारास तह झाला, पण तो टिकला नाही. मुंबईतल्या देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली गेला तर दस्तक लागतं की नाही, यावर भांडण.

डिसेंबर 1715 मध्ये चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला. कान्होजींना संपवायचंच असं त्यानं ठरवलं होतं. 1717 मध्ये विजयदुर्गावर हल्ला, फसला. 1718 मध्ये खांदेरी, तोही फसला. अपयशाचं खापर कुणावर तरी फुटायला हवं होतं. ते रामा कामाती या मुंबईच्या शेणवी गृहस्थावर फुटलं. हा कंपनीच्या शिपायांचा प्रमुख, वाळकेश्वरचं देऊळ बांधवणारा. आंग्र्यांशी फितुरी केली असा आरोप ठेवून 1720 मध्ये त्याला शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि 1728 मध्ये तो कैदेतच मेला. ज्या पत्रावर हा खटला उभा होता ते बनावट होतं, हे नंतर बाहेर आलं.

1720 मध्ये बूननं फ्राम नावाची तरंगती तोफखाना-नौका बांधून विजयदुर्गाला पाठवली. तीही कुचकामी ठरली. (डिझाइन बहुधा सबमिशनच्या आदल्या रात्री केलं असावं!) शेवटी 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूज ब्रिटिश राजाची चार जहाजं घेऊन आला आणि सहा हजारांवर फौज अलिबागला उतरली. शाहूंकडून मदतीला घोडदळ घेऊन पिलाजी जाधव आणि तरुण बाजीराव पेशवे आले. एका मराठा स्वारानं मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. मॅथ्यूज चिडून त्याच्यामागे धावला, पिस्तूल रोखलं, तर त्यात बारच भरलेला नव्हता! कुलाबा पडला नाही, दोस्त आपापसांत भांडले आणि पोर्तुगीजांनी परस्पर तह करून टाकला. 1724 मध्ये डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावलं आणि हात हलवत परत गेले.

ओहोटीला अलिबागच्या कुलाब्यात चालत जाता येतं. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, तिचा जोर मोडतो. सिव्हिलवाल्यांनी एकदा पाहून यावंच. आत चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, सगळे त्यांच्याजवळ कान्होजींच्या तोफा म्हणून फोटो काढतात. त्यांवरचं साल नीट वाचा, 1849 आहे.

4 जुलै 1729 ला कान्होजी अलिबागला वारले. समाधी तिथेच आहे. जिवंत असेपर्यंत समुद्रावर त्यांना कोणी हटवू शकलं नाही. पण मागे मुलांमध्ये फूट पडली, एक मानाजी कुलाब्याला, दुसरा संभाजी दक्षिणेला, आणि संभाजीनंतर तुळाजी. तुळाजी आणि नानासाहेब पेशव्यांचं जमलं नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांच्या संमतीनं वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक तोफगोळा रिस्टोरेशन या जहाजावर पडला. ते तुळाजीनं इंग्रजांकडूनच जिंकलेलं होतं. आग तिथून पसरली आणि एका दिवसात अख्खं आरमार जळालं. तुळाजी पुढे कैदेतच गेला.

बून ज्या बॉम्बे कॅसलमधून मोहिमा आखायचा, त्याचे अवशेष फोर्टमध्ये नौदलाच्या हद्दीत आहेत. त्या तळाचं नाव 1951 पासून आय.एन.एस. आंग्रे आहे.