पटकथेतील पात्र आणि पडद्यावरचा नट : ग. दि. माडगूळकरांचे चित्रपटीय जीवन

वग रचणारा कवी लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर कोरी पात्रे नसतात. फडात कोण सोंगाड्या आहे, सरदाराची भूमिका कोणाच्या आवाजाला पेलेल, नाचीचा गळा कोणत्या पट्टीत खुलतो आणि मावशीचे काम करणारा नट कोठे हमखास हशा घेतो, हे त्याला ठाऊक असते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे महत्त्वाचे केंद्र आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर दूरदूरच्या गावांचे पंच यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. त्या व्यवहारात पंच वगाच्या नावाबरोबर फडात कोण कोण आहे हेही विचारतात. कथा आणि कलावंत यांचा असा एकत्र विचार लोकनाट्याच्या परंपरेत स्वाभाविक मानला गेला आहे.

चित्रपटकथेच्या संदर्भात मात्र हा प्रश्न आपल्या अभ्यासात क्वचितच उपस्थित केला जातो. पटकथाकार पात्र आधी कल्पितो की नट आधी पाहतो? ठरावीक साच्यातील पात्र कोणत्या टप्प्यावर व्यक्ती बनते? आणि नटाच्या प्रतिमेला शरण गेल्यास कथेचे काय होते? या प्रश्नांच्या अनुषंगाने गजानन दिगंबर माडगूळकर यांच्या जीवनाचा आणि पटकथालेखनाचा विचार करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. गीतकार आणि 'गीतरामायणा'चे कवी म्हणून त्यांची ख्याती एवढी मोठी आहे की त्यांच्यातील कथाकार-पटकथाकार काहीसा झाकोळला गेला.

१.

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते. बालपण माणदेशातील माडगुळे आणि संस्थानातील इतर गावांत गेले. शिक्षणाचा काही काळ औंध येथे गेला. घरची परिस्थिती बेताची होती आणि मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही. परंतु कीर्तन, भजन, गोंधळ, तमाशा आणि यात्रा यांनी गजबजलेल्या या परिसराने त्यांना एक शिकवण दिली. कीर्तनकार एकटाच उभा राहून राजा, राणी, भक्त आणि खल अशी सर्व पात्रे क्षणाक्षणाला उभी करतो. आवाजातील आणि अंगविक्षेपातील एवढ्याशा बदलाने श्रोत्याला पात्र ओळखू येते. पात्राचा साचा श्रोत्यांना परिचित असल्यामुळेच हे शक्य होते. साचा हा लोकपरंपरेत दोष नसून कर्ता आणि श्रोता यांच्यातील करार असतो, हे माडगूळकरांच्या पुढील लेखनाचे अधिष्ठान ठरले असे म्हणता येईल.

चरितार्थाच्या शोधात ते कोल्हापूरला गेले आणि मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्समध्ये त्यांचा शिरकाव झाला. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. काही काळ वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले. या उमेदवारीचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. 'हंस'साठी आचार्य अत्रे आणि खांडेकर हे दोघेही लिहीत होते आणि दोघांच्या पद्धती भिन्न होत्या. अत्र्यांच्या विनोदी कथेत विनायकांची चपळ, किंचित भाबडी मूर्ती आणि दामूअण्णा मालवणकरांसारख्या नटाची नुसती उपस्थिती गृहीत धरलेली दिसते. खांडेकरांच्या कथेत विचार आधी येतो, त्या विचाराच्या बाजूने आणि विरुद्ध उभी राहणारी पात्रे नंतर येतात आणि नटाला त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते. स्वतः छोट्या भूमिका करणाऱ्या आणि दुसऱ्याचे लेखन उतरवून घेणाऱ्या या तरुणाला या दोन्ही पद्धती एकाच आवारात पाहावयास मिळाल्या.

पुढे त्यांनी के. नारायण काळे यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केले आणि १९४२ च्या सुमारास गीतलेखनास प्रारंभ झाला. नट, लेखनिक, साहाय्यक आणि गीतकार या क्रमाने ते पटकथेकडे आले. कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले शरीर शब्दाचे काय करते हे त्यांनी लिहिण्यापूर्वीच पाहिले होते.

२.

१९४७ साली राजकमल कलामंदिरने 'लोकशाहीर रामजोशी' प्रदर्शित केला. दिग्दर्शनाची धुरा प्रथम बाबूराव पेंटर यांच्याकडे होती आणि पुढे व्ही. शांताराम यांनी चित्रपट पूर्ण केला. कथा, संवाद आणि गीते यांची जबाबदारी माडगूळकरांची होती. सोलापूरचा शाहीर राम जोशी (१७६२–१८१२) ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. ब्राह्मण घरात जन्मलेला, संस्कृत जाणणारा हा कवी तमाशात गेला आणि मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला अशी परंपरा सांगते. त्याच्या लावण्या उपलब्ध आहेत. त्याच्याविषयीच्या आख्यायिकाही आहेत. या दोहोंमधील मोकळ्या जागेत पटकथाकाराला माणूस उभा करावयाचा होता.

भूमिकेसाठी संगीत रंगभूमीवरील गायकनट जयराम शिलेदार आले. या निवडीने कथेचे स्वरूपही निश्चित झाले. गाणारा नट मिळाल्यावर राम जोश्याचे अंतरंग संवादांतून उलगडण्याऐवजी गाण्यातून उलगडणे शक्य झाले आणि कवीचे चरित्र त्याच्या कवित्वाच्या प्रसंगांभोवती गुंफले गेले. विद्वान आणि तमासगीर हे दोन्ही ओळखीचे साचे एकाच देहात आणल्यामुळे त्यांच्यात घर्षण निर्माण होते आणि त्या घर्षणातून व्यक्ती घडते. दोन साच्यांच्या संघर्षातून व्यक्तिरेखा निर्माण करण्याची ही रीत माडगूळकरांच्या पटकथांचे एक प्रमुख वैशिष्ट्य मानावयास हवे.

हंसा वाडकर यांनी साकारलेल्या बयेच्या बाबतीत मात्र हे घडत नाही. बया तेजस्वी आहे, तिचा नाच आणि तिची निष्ठा प्रभावी आहे. परंतु ती प्रामुख्याने नायकाच्या पतनाची आणि उद्धाराची साक्षीदार राहते. याचे एक कारण साधनसामग्रीत आहे. राम जोश्याचे शब्द उरले आहेत, बयेचे उरलेले नाहीत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नाचीचा साचा पटकथाकाराने नायकाच्या बाजूने पाहिला, फडाच्या बाजूने पाहिला नाही.

येथे जुन्नरच्या परिसराकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. 'रामजोशी' प्रदर्शित झाला त्या वर्षी नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडाच्या घराण्यातील विठाबाई बारा वर्षांची होती. १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. त्याची पटकथा धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची होती आणि गीते गदिमांची होती. त्या वेळी विठाबाई चोवीस वर्षांच्या होत्या. पुढे त्या स्वतःच्या नावाने फड चालवू लागल्या. फडाची मालकीण म्हणजे कलावंतांना उचल देणारी, गाडीतळ आणि मुक्काम ठरविणारी, पंचांशी सुपारीचा व्यवहार करणारी आणि रात्री पुन्हा बोर्डावर उभी राहणारी स्त्री. तमाशापटाच्या नायिकेत ही स्त्री जवळजवळ दिसत नाही. पडद्यावरील तमासगिरीण बहुधा बाहेरून आलेल्या एखाद्या पुरुषाच्या नजरेतूनच कथेत प्रवेश करते. हंसा वाडकरांसारखी समर्थ अभिनेत्री समोर असताना ही उणीव राहिली, म्हणून ती नटीची म्हणता येत नाही. ती पात्रकल्पनेचीच म्हणावी लागते. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. एवढ्या यशानंतर तो साचा पुढील चित्रपटांत घट्ट झाला यात आश्चर्य नाही. विठाबाईंचे निधन २००२ साली झाले. त्यांच्यासारख्या स्त्रीला सामावून घेईल असे पात्र मराठी पटकथेने दीर्घकाळ कल्पिले नाही, याची नोंद तमाशापटांच्या अभ्यासकाने घ्यावयास हवी.

३.

पन्नासच्या दशकात माडगूळकर, दिग्दर्शक-नट राजा परांजपे आणि संगीतकार सुधीर फडके हे त्रिकूट स्थिरावले. पगारी नटसंच बाळगणाऱ्या जुन्या चित्रसंस्थांचा काळ तेव्हा ओसरत चालला होता. अशा परिस्थितीत लेखक, दिग्दर्शक आणि नट यांचा परस्परपरिचय हेच भांडवल ठरले. नाटक मंडळीतील किंवा तमाशाच्या फडातील लेखकाची स्थिती माडगूळकरांना येथे वेगळ्या स्वरूपात लाभली.

१९५२ च्या 'लाखाची गोष्ट'मध्ये ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करण्याची अट कथेला गती देते. या अटीचा विनोद राजा गोसावींच्या खर्चाला न सरावलेल्या, गोंधळलेल्या, मध्यमवर्गीय देहबोलीवर उभा आहे. श्रीमंत दिसणारा नट असता तर कथेचा पायाच ढासळला असता. या चित्रपटातून पुढे आलेल्या दोघी बहिणींना रेखा आणि चित्रा ही पडद्यावरची नावे माडगूळकरांनी दिली, असे सांगितले जाते. लेखकाने नटीचे नामकरण करावे ही घटना सूचक आहे. पात्राला नाव देणारा येथे ते पात्र वठविणारीलाही नाव देतो.

राजा परांजपे यांच्यासाठी झालेले लेखन या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. 'पेडगावचे शहाणे' (१९५२) मध्ये वेडा आणि शहाणा या दोन साच्यांची अदलाबदल आहे. 'ऊन पाऊस' (१९५४) मध्ये मुलांनी दुरावलेले वृद्ध दांपत्य आहे आणि त्यात परांजपे यांच्यासमोर सुमती गुप्ते आहेत. परांजपे यांचा जन्म १९१० चा. म्हणजे वृद्ध शिक्षकाची ही भूमिका त्यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी केली. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मध्ये तेच परांजपे जगाने फेकून दिलेला, अंध मुलीला आधार देणारा गाता भटक्या होतात. वेडा, म्हातारा, भिकारी ही तिन्ही परिचित सोंगे आहेत. मात्र परांजपे यांच्या अभिनयातील संयम आणि ओशाळेपणा पटकथेने हेरला आहे. करुण प्रसंगी ही पात्रे मोठ्याने बोलत नाहीत. संवाद आखूड होतात, पुष्कळदा गाणे ती जागा घेते. नट बोलण्याऐवजी थांबू शकतो, हा विश्वास असल्याखेरीज कोणताही लेखक अशा मोकळ्या जागा सोडत नाही. म्हणून माडगूळकर नट डोळ्यांपुढे ठेवून लिहीत असावेत, असे अनुमान या पटकथांच्या रचनेवरूनच करता येते.

विठाबाईंसारख्या स्त्रीला जे मिळाले नाही ते परांजपे यांना मिळाले, हा विरोध लक्षणीय आहे. लेखकाने नटाला जवळून ओळखले तेथे साचा मोडला. समूहाला दुरून पाहिले तेथे तो तसाच राहिला.

४.

१९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा माडगूळकरांच्या पटकथालेखनातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली होती. भिंतीशिवायचा हा तुरुंग माडगूळकरांच्या गावापासून दूर नव्हता. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर ही कथा त्या वास्तवातून आली.

सहा कैद्यांची कल्पना हा पात्रचित्रणाचा कठीण प्रश्न होता. सहा स्वतंत्र चरित्रे सांगितली तर कथा फुटते. एकच गट दाखविला तर माणसे हरवतात. पटकथेने समूहाला एक देह मानला आणि चेहरा, चाल, राग, भय यांच्या लहान लहान फरकांनी त्यातील माणसे वेगळी केली. प्रसिद्ध नायकांचे चेहरे या सहांत नाहीत, हेही येथे उपकारक ठरले. कैद्याच्या चेहऱ्यामागे प्रेक्षकाला दुसरी कोणतीही भूमिका आठवत नाही, म्हणून त्याच्या सुधारणेविषयीची शंका शेवटपर्यंत जिवंत राहते.

उलट खेळणी विकणारी चंपा ही संध्या यांची भूमिका स्वतंत्रपूरच्या वास्तवातून आलेली वाटत नाही. चित्रपटाला नायिका हवी आणि संस्थेची नायिका ठरलेली आहे, या गरजेचा तिच्यावर ठसा आहे. तथापि तिला केवळ तडजोड म्हणून निकाली काढणे न्याय्य होणार नाही. कोणाच्याही संसारात न बसणारी, खेळणी विकणारी ही स्त्री कैद्यांमधील हरवलेले बालपण आणि पितृत्व जागे करते. नटीसाठी निर्माण केलेल्या जागेला कथेचे काम देण्याचे कौशल्य येथे दिसते. चित्रपटाला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. कथेची मुळे माणदेशात होती आणि तिचा प्रश्न मात्र जगाला कळला.

५.

माडगूळकरांचे पुढील आयुष्य सन्मानांचे होते. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले. तेथेही छप्पन्न गीते वेगवेगळ्या पात्रांच्या मुखी घालून त्यांनी प्रत्येक पात्राचा स्वर वेगळा राखला. विधान परिषदेचे सदस्यत्व, १९६९ मध्ये पद्मश्री, १९७३ मध्ये यवतमाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद असे मान त्यांना लाभले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कथा, पटकथा, संवाद किंवा गीते या नात्याने दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी त्यांचा संबंध आला होता.

या जीवनक्रमावरून काही निष्कर्ष काढता येतात. साचा हे पटकथेचे आरंभस्थान आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. दोन साचे एका व्यक्तीत एकत्र आणले, किंवा साच्याला विशिष्ट नटाच्या शरीराची, आवाजाची आणि मौनाची जोड दिली, की व्यक्तिरेखा जन्मते. परंतु नटाचा परिचय हा लेखकाच्या जीवनाच्या परिचयाला पर्याय होऊ शकत नाही. जेलर आणि कैदी माडगूळकरांनी आपल्या मुलखातून घेतले म्हणून ते टिकले. तमासगीर स्त्रीच्या संसाराचा हिशेब त्यांच्या पटकथेत आला नाही म्हणून ती सुंदर पण अपुरी राहिली. पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत आजही कोणत्या कलावंतावर कोणता वग पेलेल याचा हिशेब मांडला जातो. पटकथेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाबरोबर त्या राहुट्यांतही एक दिवस घालवावा. तेथे भेटणाऱ्या फडमालकिणीसाठी कोणी पटकथा लिहायला घेतली, तर माडगूळकरांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला तेथूनच हात घातला जाईल.