पॉल रोब्सन : गाणे आणि मौन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणूनच, गुलामगिरीतून पळून सुटलेल्या बापाचा मुलगा कायद्याचा पदवीधर झाला हे वाचले, तेव्हा पॉल रोब्सन मला एकदम जवळचा वाटला.

त्याचा जन्म १८९८ सालचा, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावचा. कोलंबिया विद्यापीठातून त्याने कायद्याची पदवी घेतली. पण काळ्या माणसाला वकिलीत मान नाही हे पाहून तो रंगभूमीकडे आणि गाण्याकडे वळला. १९३४ साली तो प्रथम सोव्हिएत रशियात गेला. तिथे आपल्याला माणूस म्हणून वागवले गेले, हे तो कधी विसरला नाही.

१४ जून १९४९ रोजी मॉस्कोच्या चायकोव्हस्की सभागृहात त्याचे गायन झाले. स्टालिनच्या राजवटीत तेव्हा ज्यू लेखक-कलावंतांची धरपकड चालू होती. रोब्सनचा मित्र, नट सोलोमन मिखोएल्स, १९४८ साली मारला गेला होता. दुसरा मित्र, कवी इत्सिक फेफर, तुरुंगात होता. फेफरला हॉटेलात भेटीस आणले गेले आणि त्याने खुणांनीच आपली दशा कळवली, असे रोब्सनच्या मुलाने पुढे सांगितले. कार्यक्रमाच्या शेवटी रोब्सनने या दोघांची नावे घेतली आणि वॉर्सातील ज्यूंच्या उठावाची आठवण देणारे गीत यिद्दिश भाषेत गायले.

अमेरिकेत परतल्यावर मात्र त्याने या छळाबद्दल जाहीरपणे तोंड उघडले नाही. १९५० साली अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ साली परत मिळाला. मधल्या काळात, १९५७ साली, तो वेल्सच्या खाणकामगारांसाठी टेलिफोनवरून गायला. तिकडे फेफरला १९५२ सालीच गोळ्या घातल्या होत्या. रोब्सन १९७६ साली वारला.

वेल्सने त्याला विसरले नाही. २००१ साली तिथलाच ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ हा रॉक बँड क्युबात, हवाना येथे, फिडेल कॅस्ट्रोसमोर गाऊन आला. त्यांच्या त्याच वर्षीच्या रेकॉर्डवर रोब्सनवरचे एक गीत आहे.

आपल्या माणसाचे उणे चव्हाट्यावर मांडू नये, असे आमच्याकडे म्हणतात. शत्रूच्या हाती कोलीत नको, असा विचार रोब्सननेही केला असावा. पण तुरुंगातल्या फेफरला त्या मौनाचा काय उपयोग झाला? रोब्सनवर माझे प्रेम आहे, म्हणूनच हा प्रश्न मला टाळता येत नाही.