तबकडीवर न छापलेले नाव

‘अलबेला’ १९५१ साली प्रदर्शित झाला आणि भगवानदादांच्या नाचाने मुंबईचे गिरणगाव वेडे झाले. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे. ही दोन्ही नावे मराठी घराघरांत आहेत. पण त्या चित्रपटातील एका नाचाच्या प्रसंगात झालरीचे सदरे घातलेला एक वाद्यवृंद दिसतो. त्याचा म्होरक्या कोणी नट नव्हे. तो खरोखरीचा ट्रम्पेटवादक आहे. त्याचे नाव अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत त्याला सारे चिक चॉकलेट म्हणत.

चिकचा जन्म १९१६ सालचा, गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा. लहानपणी आई लाडाने चिको म्हणे, त्याचे पुढे चिक झाले, असे सांगतात. पोराने मेकॅनिक व्हावे अशी तिची इच्छा होती. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात नोकऱ्या नव्हत्या, पण गावोगावच्या चर्चच्या शाळेत पाश्चात्य स्वरलिपी मात्र चोख शिकवली जाई. त्यामुळे कित्येक ख्रिस्ती पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरओळखही होई. तेवढ्या भांडवलावर ती मुंबई गाठत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडा’त वळकटी टाकून काम शोधत.

मुंबईत तेव्हा जाझचे वारे शिरत होते. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवलेला हा माणूस. गोव्याच्या पोरांनी हे संगीत कान देऊन ऐकले. कागदावरचे स्वर वाजवणे त्यांना येतच होते. आता कागदावर नसलेले वाजवायला ती शिकली. आपला गवई बंदिशीचा मुखडा धरून दर आवर्तनात नवे काही बोलतो, तसेच जाझचे आहे. धून ठरलेली, तिच्यावरचा विस्तार ज्याचा त्याने करायचा. चिकने आर्मस्ट्राँगला गुरू मानले. त्याचा खरखरीत आवाज, हातातला रुमाल, सारे उचलले आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग हे बिरुद मिळवले. ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्याच्या बँडवर लोक नाचू लागले.

१९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि नाचाच्या दिवाणखान्यांची रया गेली. वादकांनी दादर-अंधेरीच्या स्टुडिओंची वाट धरली. चिक सी. रामचंद्रांचा सहायक होता. अण्णा पेटीवर चाल बांधत. ती चाल तीस-चाळीस वादकांच्या हाती कागदावर लिहून देणे, कुठे ट्रम्पेट उसळेल, कुठे व्हायोलिने मागून भरतील, दोन कडव्यांमधल्या रिकाम्या जागेत काय वाजेल, हे ठरवणे ही अरेंजरची कामगिरी. ‘समाधी’ आणि ‘अलबेला’तल्या गाण्यांना जी पाश्चात्य लय आणि चमक आहे, तिच्यात चिकचा हात आहे.

मी मुरबाडला बँकेच्या शाखेत होतो, तेव्हा हळदीच्या रात्री बँडवाल्यांच्या तोंडून ‘अलबेला’ची गाणी हमखास ऐकू येत. नोटेशन न पाहता, केवळ कानाने बसवलेली. गंमत अशी, की शब्दांच्या चालीत ते थोडे इकडेतिकडे करीत, पण मधले ट्रम्पेटचे तुकडे जसेच्या तसे वाजवीत. पोरे नाचत ती त्याच तुकड्यांवर. पण त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. अरेंजरचे नसे.

बँकेत आम्हांला पहिला धडा मिळे तो असा, की व्हाउचर लिहिणाऱ्याची सही वेगळी आणि तपासणाऱ्याची वेगळी. दोन्ही असल्याखेरीज पैसा हलत नाही. यात कोणाचा मान कमी होत नाही. चितळकरांची चाल चितळकरांचीच आहे. तिच्यावर दुसरी सही आली असती तर पहिली पुसली गेली नसती.

जाझच्या जगात हे शक्य होते. पियानो, बास आणि ड्रम हे तिथले गाजलेले त्रिकूट. १९६१ साली न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचे वादन ध्वनिमुद्रित झाले. त्या अल्बमचा आरंभ आणि शेवट बासवादक स्कॉट लाफारोच्या स्वतःच्या रचनांनी होतो. ध्वनिमुद्रणानंतर दोन आठवड्यांच्या आत लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. पण रचनाकार म्हणून त्याचे नाव राहिले.

चिकला संगीतकार म्हणून स्वतःचे चित्रपट मोजकेच मिळाले. ‘नादान’ १९५१चा, ‘रंगीली’ १९५२चा, ‘कर भला’ १९५६चा. ‘नादान’मध्ये देव आनंद आणि मधुबाला होते. त्यातले तलत महमूदचे, प्रेयसीची तसबीर रेखाटू पाहणारे गाणे आजही रसिक हळवे होऊन ऐकतात. त्यात जाझचा दणका नाही. ट्रम्पेटवाल्याला इतके हळू बोलता येते, हे त्या गाण्याने दाखवले. पण निर्मात्यांची रांग काही लागली नाही. १९६६ सालच्या ‘आखरी खत’मध्ये भूपिंदर सिंगच्या क्लबमधील गाण्यात चिक पुन्हा पडद्यावर दिसतो, ट्रम्पेट ओठांना लावलेला. पुढच्याच वर्षी, मे १९६७मध्ये, तो गेला. पन्नाशी जेमतेम गाठली होती.

मी आता शहापूरला राहतो. आमच्या तालुक्यातले तानसाचे धरण १८९२ सालापासून मुंबईला पाणी देते. पुढे भातसाही देऊ लागली. आणि एप्रिल उजाडला की तालुक्यातल्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. धरण उशाला, कोरड घशाला! मुंबईत नळ सोडणाऱ्याला तानसा कुठे आहे हे ठाऊक नसते. त्यात त्याचा दुष्टावा नाही, त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच. मुंबईचे गाणेही असेच हळदोण्यासारख्या गावांतून आले. २०१२ साली नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा इतिहास मांडला, पण तो इंग्रजीत.

आता तबकड्या गेल्या, मोबाइलवर हवे ते गाणे ऐकता येते. पडद्यावर नाव छापायला जागेची टंचाई नाही. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत निवेदक गीतकाराचे नाव आवर्जून घेतात, ते योग्यच आहे. त्यात अरेंजरच्या नावाची भर घालायला एक वाक्य पुरते. ज्या वादकांची नावे माहीत असणारी माणसे अजून हयात आहेत, त्यांना विचारून ती लिहून घेतली पाहिजेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण ती माणसे आता थोडीच उरली आहेत.