चोरून पाहिले, पण पाहिलेच! दादा कोंडके आणि त्यांच्या सिनेमांची गोष्ट

जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हाची आठवण अजून बऱ्याच जणांना असेल. जीपवर भोंगा लावून एकजण आजूबाजूच्या गावात सिनेमाचं नाव पुकारत फिरायचा. देवादिकांचा सिनेमा असला तर बैलगाडी जुंपून सगळं घर निघायचं. पण नाव दादा कोंडकेंच्या सिनेमाचं असलं की ओट्यावरची म्हातारी माणसं इकडंतिकडं बघायची आणि सुना पदर सावरत आत जायच्या. रात्री मात्र तंबूत बसायला जागा नसायची. बाप पुढं बसलेला, पोरगा मागच्या कोपऱ्यात. नजरानजर झाली तरी दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही, असं न बोलता ठरलेलं असायचं.

ज्या माणसानं बाप-लेकाला असं एकाच तंबूत लपवलं, तो जन्मला मुंबईत. 8 ऑगस्ट 1932 रोजी नायगावात. खरं नाव कृष्णा. मूळ गाव भोर तालुक्यातलं इंगवली. नायगाव-लालबाग म्हणजे तेव्हा गिरणगाव. सातारा, पुणे, कोकण इथून पोटासाठी गेलेली माणसं चाळीत दाटीवाटीनं राहायची. गणपतीत मेळे, भजनं, तमाशे असं सगळं दारात चालायचं. गावरान बोली दादांच्या कानावर पडली ती अशी, मुंबईत राहून.

तरुणपणी त्यांच्यावर मोठा घाला आला. वर्षभरात घरातली जवळची कितीतरी माणसं गेली. हसवणाऱ्या माणसाच्या मागं एवढं दुःख होतं हे सिनेमा बघणाऱ्याला कधी कळलं नाही. पुढं अपना बाजारमध्ये नोकरी, संध्याकाळी बँड, सेवा दलाच्या कलापथकात कामं, असं करत ते रंगमंचावर आले.

वसंत सबनीसांनी लिहिलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यानं नाव झालं. त्यात दादा हवालदार. राजा, कोतवाल, हवालदार यांच्या आडून चालू सरकारची टिंगल चालायची. दीड हजारांवर प्रयोग झाले. आशा भोसले यांनी तो खेळ पाहून भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं, आणि 1969 साली भालजींच्या ‘तांबडी माती’त ते पडद्यावर आले.

1971 ला त्यांनी स्वतःचा ‘सोंगाड्या’ काढला. त्यातला नाम्या हा आईच्या धाकातला भोळा गडी. तो तमाशा बघायला जातो, कलावतीच्या नादी लागतो आणि आई त्याला घराबाहेर काढते. म्हणजे घरच्यांच्या नजरेआड बघायला गेलेल्या माणसाचीच ही कथा, आणि लोकांनीही ती तशीच बघितली! नाम्या झाले दादा, कलावती उषा चव्हाण आणि आई रत्नमाला. ढगळ पट्ट्यापट्ट्याची चड्डी, खाली लोंबणारा नाडा आणि तोंडात सारखं आये, आये. शहरातल्याला ते सोंग वाटलं असेल, पण गावाकडच्या माणसाला त्यात आपल्याच आळीतला कोणीतरी दिसला.

हा सिनेमा दादरच्या कोहिनूर थिएटरात लागायचा होता. पण मालकाला त्याजागी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ हवा होता. दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढं दादा शिवसेनेच्या सभांना गावोगाव फिरले, ते सर्वांना माहीत आहेच.

1972 ला ‘एकटा जीव सदाशिव’ आला. ते दुष्काळाचं साल. माणसं खडी फोडत होती, जनावरं कवडीमोलानं विकत होती. त्या दिवसांत पोट धरून हसायला लावणं ही साधी गोष्ट नव्हती. 1975 च्या ‘पांडू हवालदार’चं दिग्दर्शन त्यांनी स्वतः केलं. अशोक सराफ घराघरात माहीत झाले ते यातूनच. आणि शिपायाला पांडू म्हणायची सवय लागली ती आजही गेलेली नाही. याच सिनेमाला संगीत देणाऱ्या जोडीला राम-लक्ष्मण हे नाव दादांनीच दिलं. त्यातल्या लक्ष्मण यांनी पुढं ‘मैने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ला संगीत दिलं. अख्ख्या घरानं एकत्र बसून बघायच्या सिनेमांची गाणी चोरून बघायच्या सिनेमातून पुढं आलेल्या माणसानं केली, ही गंमतच म्हणायची.

राहिला दोन अर्थाचा मुद्दा. दादांचं वाक्य वरून अगदी सरळ असायचं. लहान पोराला सरळ अर्थ कळायचा, मोठ्याला वाकडा. सेन्सॉर बोर्डाशी त्यांची कायम झटापट चालायची. पण आक्षेप घेणाऱ्याची पंचाईत अशी, की वाकडा अर्थ आधी त्यालाच तोंडानं सांगावा लागे! ही युक्ती दादांनी शोधलेली नाही. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. दादांनी ते मोठ्या पडद्यावर आणलं एवढंच. शिकलेल्यांनी नाकं मुरडली, पेपरात टीका झाली. पण एकामागून एक नऊ सिनेमे पंचवीस आठवडे चालले आणि गिनीज बुकात नोंद झाली. टीका करणाऱ्यांपैकीही कोणीतरी तिकीट काढलंच असणार.

सगळंच चांगलं होतं असंही नाही. ‘सोंगाड्या’त आई होती, गोष्ट होती, डोळ्यात पाणी यायची जागा होती. ‘आली अंगावर’, ‘पळवा पळवी’, ‘येऊ का घरात’ इथवर येताना नावंच जास्त बोलायला लागली. बाईमाणसावरचे काही विनोद आज ऐकवत नाहीत. हिंदीतही ‘तेरे मेरे बीच में’, ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ काढले. पण गावरान मराठीची ती चव हिंदीत उतरली नाही.

14 मार्च 1998 रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्यानं दादा गेले. वय 65. तंबूही गेले, तालुक्याची बरीच थिएटरं बंद पडून तिथं गोडाऊन झाली. सिनेमे मात्र मोबाईलवर आहेत. शेतीची लाइट रात्रीची असते. मोटर चालू करून पाणी सरीला लावलं की गडी बांधावर बसतो, कानात हेडफोन घालतो आणि ‘पांडू हवालदार’ लावतो. मधेच घरून फोन येतो. तेव्हा पाणी कुठवर आलं एवढंच तो सांगतो.