गुरांमागचा देबू



संत गाडगेबाबांचे नाव घेतले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर, अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी तर दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. गावात शिरताच रस्ता झाडू लागणारा हा माणूस तुम्हांला ठाऊक आहे. शाळेच्या भिंतीवर तुम्ही त्याचे चित्रही पाहिले असेल. पण या माणसाचे बालपण गुरांमागे गेले आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या कार्याचे बीज तेथेच पडले, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. म्हणून आज त्या पोराची ओळख करून घेऊ.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी एका परीट कुटुंबात देबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई, आडनाव जानोरकर. लोकांचे कपडे धुवावे आणि मिळेल त्या दाण्यावर पोट भरावे, असे ते घर. त्या काळी जातीच्या रूढीप्रमाणे नवस फेडायचा तर बकरे कापायचे आणि त्याबरोबर दारू आलीच. देवाच्या नावाने सुरू झालेला पेला पुढे देवाची वाट पाहत नाही, हे तुम्ही आपल्या वस्त्यांतून पाहिलेच आहे. झिंगराजी दारूपायी खचले आणि अकाली गेले. घर उघडे पडले. सखुबाईने लेकराला उराशी धरले आणि ती मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आली.

मामा चंद्रभान यांच्याकडे शेती होती, गुरेढोरे होती. देबूला शाळा मिळाली नाही. त्याला मिळाला गोठा. पहाटे उठून शेण काढायचे, गव्हाणीत वैरण टाकायची, गुरे सोडून रानात न्यायची, दुपारी पाण्यावर घालायची आणि दिवस मावळताना मोजून परत आणायची, हीच त्याची शाळा. जनावराला बोलता येत नाही. त्याला काय दुखते, ते का खात नाही, कोणत्या पायाने लंगडते, हे पाहूनच ओळखावे लागते. असे पाहण्याची सवय ज्या मुलाच्या डोळ्यांना लागते, त्याला पुढे माणसाचे दुःखही न सांगता दिसते. देबू गुरांना नदीवर नेऊन धूत असे, गोठा झाडून लख्ख ठेवत असे. पुढे जो खराटा महाराष्ट्रभर फिरला, तो आधी गोठ्यात फिरला होता.

थोडा मोठा झाल्यावर तो नांगर धरू लागला. नांगरणाऱ्याला बैलाची किंमत समजते. बैल थकला की तास वाकडा जातो आणि तास वाकडा गेला की पीक सांगते. पोटच्या पोरासारखा सांभाळलेला बैल म्हणजे कुणब्याची अर्धी इस्टेट. म्हणूनच सावकाराची नजर जमिनीनंतर दावणीवर पडत असे. मामांच्या जमिनीवरही कर्जापायी सावकाराने हक्क सांगितला. निरक्षर कुणब्याला कागदात काय लिहिले आहे ते कळत नव्हते, फेडल्याचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. मामांनी या दुःखात हाय खाल्ली. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण देबूजी मात्र मागे हटला नाही. ज्या मुलाने मुक्या जनावरावर हात उगारला नाही, तोच अन्यायापुढे ताठ उभा राहिला. करुणा म्हणजे दुबळेपणा, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आणि अक्षर नसल्यामुळे घर कसे बुडते, हेही त्याने त्याच दिवसांत पाहिले.

1892 साली देबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले. पुढे मुलगी झाली. बारसे आले. भाऊबंद जमले ते नेहमीच्या अपेक्षेने. बकरे पडेल, दारू वाहील. देबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भावकी रागावली, रीत मोडली म्हणून बोल लावले. तरी तो बधला नाही. विचार करा, वाचकहो. एका घरी जन्म साजरा करायचा आणि त्यासाठी दुसऱ्या जिवाचा गळा कापायचा, वर त्याच दारूत आपल्या बापाचा संसार बुडाला हे विसरायचे, ही गोष्ट त्या निरक्षर तरुणाला पटली नाही. कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता त्याने हे ठरविले. आधार होता तो गोठ्यातील अनुभवाचा.

1 फेब्रुवारी 1905 रोजी देबूजीने घर सोडले. तेव्हापासून ते लोकांचे गाडगेबाबा झाले. गाव झाडायचे, कष्ट करून भाकरी मागून घ्यायची, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरही लोकांच्याच तोंडून काढीत. सगळे जीव देवाची लेकरे असतील तर एक लेकरू मारून दुसऱ्याने दिलेले बापाला कसे चालेल, असा त्यांच्या विचारण्याचा रोख असे. कर्ज काढून सण करू नका, जेवणाचे ताट मोडा पण मुलांना शिकवा, दारूला शिवू नका, शिवाशीव पाळू नका आणि देवापुढे जनावर मारू नका, हे सारे ते एकाच दमात सांगत. कारण हे सारे एकाच दोरीचे पेड आहेत. नवसाचे बकरे घ्यायला कर्ज, कर्जाला सावकार, सावकारापायी जमीन जाते, जमीन गेली की पोराची शाळा जाते. 1931 साली वरवंडे येथे त्यांच्या उपदेशाने पशुहत्या बंद झाली. कायद्याचा बडगा नव्हता, लोकांनी ऐकले आणि सुरी खाली ठेवली.

मूर्तिजापूरला त्यांनी गुरांच्या रक्षणाचे काम उभे केले. पण येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या देशात गाईला हात जोडणारे आणि माणसाला दूर लोटणारे हात पुष्कळ वेळा एकच राहिले आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या बापजाद्यांना तेथे ओंजळ भरता येत नव्हती. त्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना तेथे जावे लागले. जनावरावर प्रेम आणि माणसाचा विटाळ, हे प्रेम नव्हे, तो ढोंगीपणा होय. गाडगेबाबांचे प्रेम या कसोटीला उतरते. मूर्तिजापूरला त्यांनी गुरांसाठी गोठा उभारला, तशीच माणसांसाठी धर्मशाळा आणि मुलांसाठी विद्यालयही उभारले. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी ओसरी देत नव्हते. तेथे त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्यांनी ज्या कामांना धर्म मानले त्यांची यादी लोक आजही सांगतात. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, आणि याच यादीत पशुपक्षी व मुक्या प्राण्यांना अभय. माणूस वगळून प्राणी नाही आणि प्राणी वगळून माणूस नाही.

गाडगेबाबा बौद्ध नव्हते, ते भक्तिमार्गातले होते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाचे बालपण कसे मांडले आहे ते आठवा. शिकारीला न जाणारा आणि देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या हंसाला जीव देणारा तो राजपुत्र. मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा हक्क मोठा, हा त्या कथेचा न्याय. पुढे तथागतांनी यज्ञातील पशुवध नाकारला. पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो, तेही प्राणिमात्राविषयीच आहे आणि पाचवे मद्याविषयी. राजवाड्यातील मुलाला आणि दापुऱ्याच्या गोठ्यातील मुलाला एकच गोष्ट उमगावी, यात धम्माचा निसर्गाशी असलेला मेळ दिसतो.

1956 साल आपण कधीच विसरू शकत नाही. 14 ऑक्टोबरला नागपुरास दीक्षा झाली. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच गाडगेबाबांनी डोळे मिटले. एक महाविद्वान, दुसरा निरक्षर. दोघांनीही समाजाला सांगितले ते शिका आणि माणसासारखे जगा.

आता तुमच्या-आमच्या घराकडे वळू. पुंडलिकनगर, गारखेडा या भागात राहणारी आपल्यातील किती तरी कुटुंबे खेड्यातून आली. आजोबांच्या दारात बैल होता, आजीच्या हाती शेळीचे दावे होते. नातवाच्या वाट्याला गल्लीतले कुत्र्याचे पिल्लू आणि गॅलरीतली चिमणी एवढेच आले. पोर त्या पिल्लाला अर्धी पोळी देते तेव्हा आपण काय करतो? बहुधा रागावतो. आणि तेच पोर शेपटीला डबा बांधते तेव्हा हसतो. येथेच चूक होते. कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली चांगली धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, हे मुलाला जरूर शिकवा. अनोळखी जनावराला छेडू नये, पिलांजवळच्या कुत्रीच्या वाटेस जाऊ नये, हेही शिकवा. पण त्याच्या हातची पोळी हिसकावू नका. उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवण्याचे काम त्याच्याकडेच सोपवा आणि रोज ते घासून भरायलाही त्यालाच लावा. प्रेमाबरोबर कष्ट आले तरच ते टिकते, हे देबूच्या गोठ्याने दाखविले आहे.

आणि वाचकहो, घरी जावळ असो, लग्न असो, त्या पंगतीसाठी कर्ज निघत असेल, दारू येत असेल, नवसाचे बकरे दारात बांधले असेल, तर एक क्षण थांबा. त्या बकऱ्याला चारा घालणारे तुमचे पोर तुमच्याकडे पाहत आहे. त्याला काय उत्तर द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

जयभीम.