नाईक यशवंतराव घाडगे : एका पदकाने राखलेले चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे लिहावयाची तर साधने हवीत. राजेरजवाड्यांच्या दप्तरी सनदा असतात, सरदारांच्या वाड्यात मोडी कागदांचे रुमाल असतात. शिपायाच्या घरी मात्र बहुधा एखादे पदक असते, आणि तेही ट्रंकेच्या तळाशी, जुन्या फडक्यात बांधलेले. नाईक यशवंतराव घाडगे यांचे नाव आज सर्वत्र आदराने घेतले जाते. तथापि त्यांचेही चरित्र प्रामुख्याने एका पदकाने आणि त्यासोबतच्या सरकारी नोंदीनेच आपणापर्यंत पोहोचविले आहे. ते चरित्र सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न होय.

हे पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. इंग्लंडच्या राणीने १८५६ साली ते सुरू केले आणि १९११ पासून हिंदी शिपायांस ते मिळू लागले. ब्रिटिश सैन्यात यापेक्षा मोठा शौर्याचा मान नाही. वस्तू म्हणून पाहू गेल्यास तो काशाचा एक लहानसा क्रूस आणि किरमिजी रंगाची फीत एवढेच. सोनाराने त्याची काय किंमत करावी! परंतु तो उलटून पाहिला असता त्याच्या मध्यभागी पराक्रमाची तारीख आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मागे वीराचा हुद्दा, नाव व पलटण कोरलेली आढळते. यशवंतरावांच्या बाबतीत ती तारीख आहे १० जुलै १९४४, आणि पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन.

या दोन ओळींवरून मागे जाऊ लागले की आपण कोकणात पोहोचतो. यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंद्रेची वाडी हे त्यांचे गाव. त्या काळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. आज तो रायगड होय. डोंगरउताराची भातशेती, पावसाळ्यानंतर कामाची वाण, आणि म्हणून एक पाय मुंबईच्या गिरणीत तर दुसरा पलटणीत, अशी त्या भागातील घरांची पिढ्यान्‌पिढ्या रीत होती. मराठा पलटणीत कोकणातले आणि देशावरचे गडी खांद्यास खांदा लावून उभे राहत. यशवंतरावही तिच्यात दाखल झाले आणि विशी ओलांडल्यावर लवकरच नाईक झाले. नाईक म्हणजे एका तुकडीचा म्होरक्या. मूठभर जवानांचे प्राण त्याच्या शब्दावर अवलंबून असतात.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या तीन डिव्हिजन, चौथी, आठवी आणि दहावी, इटलीत लढल्या. तिसरी मराठा ही दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. जून १९४४ मध्ये रोम शहर पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. परंतु हटता हटता प्रत्येक टेकडीवर मशीनगन रोवून ते वाट अडवीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माँटोने गावाच्या परिसरात, मराठे या टेकड्या एकेक करून जिंकीत चालले होते.

१० जुलैला यशवंतरावांची तुकडी पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. मागे फिरण्यास त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी मोर्चावर एकट्याने धाव घेतली. हातगोळा फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा, दोन्ही निकामी केले. टॉमी गनने आणखी एकास टिपले. गोळ्या संपल्या, नवी भरण्यास उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या तडाख्यांनी लोळविले. मोर्चा हाती आला. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या राजपत्रात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते ते पदक वीरपत्नी लक्ष्मीबाई यांस देण्यात आले. ऐन तारुण्यात कुंकू पुसले गेलेल्या त्या माउलीच्या हाती पतीऐवजी काशाचा एक तुकडा आला. शौर्याचा गौरव करताना या हाताचा विसर आपणास पडू नये.

यशवंतरावांची समाधी कोठेही नाही. ज्यांच्या देहाचा ठाव लागला नाही अशा वीरांची नावे इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे, आणि २०२३ साली माँटोने येथे त्यांच्या नावे एक छायाघड्याळ बसविण्यात आले. देह हरपला, पण नाव, पलटण आणि तारीख कोरलेली होती म्हणून ऐंशी वर्षांनंतर त्या परक्या मुलखातही त्यांची आठवण राहू शकली.

आता आपल्या घराकडे वळू. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये आणि मराठा पलटणीत आपल्या भागातून पुष्कळ जण गेले. ज्यांच्या घरी पहिल्या महायुद्धाचे गोल पदक असेल त्यांनी त्याची कड उजेडात धरून पाहावी. तेथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण इंग्रजीत उमटविलेली असते. पलटणीचा आकडा विशेष जपून वाचावा. ११० असेल, तर ती यशवंतरावांचीच पलटण. १९२२ सालच्या फेररचनेत तीच पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन झाली. १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी आणि ११७ ची पाचवी झाली. १०३, ११० व ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातील कूट येथे वेढ्यात सापडल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये अन्नावाचून शरण गेल्या. कित्येक जवान पुढे कैदेत मेले. कोणाचे पणजोबा परत का आले नाहीत, याचे उत्तर अशा एका आकड्यात दडलेले असू शकेल.

नाव मात्र सैल हाताने वाचावे. इंग्रज कारकुनाच्या लेखणीत जाधवांचे जादव होत. पुढे गावचे जन्ममृत्यूचे रजिस्टर, शाळेचा दाखला, पेन्शनचे कागद आणि आपल्या हेळव्याची वंशावळ यांच्याशी ते ताडून घ्यावे. बेळगावचे मराठा केंद्र व कोल्हापूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय येथेही विचारणा करता येते.

यात विलंब परवडणारा नाही. त्या युद्धाचे एक पदक चांदीचे होते, आणि अडीअडचणीत अशी पदके सोनाराच्या मुशीत गेली. चांदी पुन्हा घेता येते. कडेवरची अक्षरे एकदा वितळली की तो शिपाई घराण्यातून कायमचा नाहीसा होतो. सर्वांनाच व्हिक्टोरिया क्रॉस मिळत नाही, परंतु घर सोडून समुद्रापार गेलेल्या प्रत्येकाच्या मागे वाट पाहणारी एक लक्ष्मीबाई होतीच. म्हणून गडमुडशिंगीच्या आपल्या सभासद कुटुंबांनी घरातील पदक बाहेर काढावे, त्यावरील अक्षरे वहीत उतरावी, वडीलधाऱ्यांकडून आठवतील ती नावे लिहून घ्यावी आणि ती माहिती मंडळाकडे द्यावी. नाईक यशवंतराव घाडगे यांस याहून साजेसे अभिवादन दुसरे कोणते असणार?